वेळापत्रकातील तीन विषय

२०२५ सालच्या एप्रिल ते जुलै या काळात महाराष्ट्रात शालेय अभ्यासक्रमाविषयी जेवढे बोलले गेले, तेवढे त्याआधी कित्येक वर्षांत बोलले गेले नसेल. १६ एप्रिल रोजी राज्य शासनाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. विरोध वाढल्यावर १७ जून रोजी 'अनिवार्य' हा शब्द जाऊन त्याच्या जागी 'सर्वसाधारणपणे' हा शब्द आला आणि दुसरी भाषा हवी असल्यास वर्गातील किमान वीस विद्यार्थ्यांची अट घालण्यात आली. २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले व डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ५ जुलै रोजी वरळीला विजयी मेळावाही झाला. लहान मुलांच्या डोक्यावर एका वेळी किती भाषा लादाव्यात हा प्रश्न खरा होता आणि तो विचारणाऱ्यांत आपल्या वसई-पालघर भागातील मराठीप्रेमी शिक्षकही होते.

परंतु या साऱ्या गदारोळात अभ्यासक्रम म्हणजे भाषा, आणि भाषा म्हणजे तिसरी भाषा, असे समीकरण होऊन बसले. ज्या वेळापत्रकात ही तिसरी भाषा बसवायची होती, ते वेळापत्रक आज कसे दिसते, त्यात कोणते विषय नुसते नावापुरते उभे आहेत, याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. या लेखाचा विषय तोच आहे. पाचवी ते आठवीच्या कोणत्याही मराठी शाळेच्या भिंतीवर लावलेला तासिकांचा तक्ता पाहिला तर मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, सामान्य विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल यांच्या जोडीला (पाचवीत शेवटच्या तिघांऐवजी परिसर अभ्यास) आणखी तीन नावे दिसतात : कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण. प्रगतिपुस्तकातही ती असतात. त्यांच्यापुढे श्रेणीही लिहिलेली असते. ती श्रेणी कशाच्या आधारे दिली, हा प्रश्न पालकसभेत विचारला गेल्याचे निदान प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० अध्यापन तास सांगितले आहेत. पहिली ते पाचवीसाठी हे प्रमाण २०० दिवस व ८०० तास असे आहे. हिशेब केला तर वरच्या वर्गांना दिवसाला सुमारे साडेचार तास मिळतात. एवढ्यात दहा विषय बसवायचे. याच कायद्याच्या कलम २९ मध्ये अभ्यासक्रम कसा असावा हे सांगताना मुलाचा सर्वांगीण विकास, कृतीतून व शोधातून शिकणे, शक्य तेथे मातृभाषेतून शिकणे, भीतीपासून मुक्तता आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कला आणि कार्यानुभव हे कोणा हौशी मुख्याध्यापकाचे उपक्रम नव्हेत, तो कायद्याने सांगितलेल्या शिक्षणाचाच भाग आहे.

राज्याने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने मूल्यमापनाची नवी पद्धत आणली. पाचवी-सहावीला आकारिक व संकलित मूल्यमापनाचे निम्मे-निम्मे गुण, सातवी-आठवीला ४० आणि ६०. या तीन विषयांना मात्र संकलित परीक्षा ठेवलेलीच नाही. शंभरच्या शंभर गुण आकारिक, म्हणजे शिक्षकांनी वर्षभर केलेल्या निरीक्षणावर, मुलाने प्रत्यक्ष केलेल्या कामावर. कल्पना उत्तम होती. चित्रकलेची लेखी परीक्षा घेणे म्हणजे पोहण्याची परीक्षा फळ्यावर घेण्यासारखेच आहे. परंतु परीक्षा नाही म्हटल्यावर विषयच नाही, असा अर्थ आपल्या व्यवस्थेने काढला. शिक्षकांना प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहावी लागते. त्या नोंदींच्या तयार याद्या बाजारात मिळू लागल्या, पुढे संगणकावरही मिळू लागल्या. 'कागदकाम आवडीने करतो', 'रंगसंगतीची जाण आहे', 'सांघिक खेळात भाग घेते' अशी वाक्ये हजेरीपटाच्या क्रमाने उतरून काढली की शंभर गुणांचा विषय एका दुपारी संपतो. वर्षभर मैदानावर न उतरलेल्या मुलीला शारीरिक शिक्षणात 'अ-१' श्रेणी मिळते आणि तिच्या आईवडिलांना त्याचा आनंदही होतो!

यात शिक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. वस्तुस्थिती अशी की बालभारतीने 'खेळू, करू, शिकू' या नावाने या तिन्ही विषयांची पुस्तके काढली आणि ती चांगली आहेत, पण पुस्तक हातात असलेल्या शिक्षकाकडे कागद, कात्री, माती, रंग, दोरी, चेंडू यांसाठी स्वतःच्या खिशाखेरीज दुसरी तरतूद क्वचितच असते. शिवाय गणिताचा भाग मागे पडला की तो भरून काढण्यासाठी पहिली उचलली जाते ती कार्यानुभवाची तासिका. एखादे शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेले तर बदली तास कोणत्या वर्गावर पडतो? जेथे खेळाचा तास आहे तेथे. इंग्रजीचा तास रद्द करून मुलांना चित्रे काढायला बसवले, असे कोणत्याही शाळेत घडत नाही. कोणत्या विषयाला शाळा खरोखर विषय मानते हे ओळखण्याची याहून सरळ खूण नाही. २०१७ साली राज्याच्या वेळापत्रकात कला व शारीरिक शिक्षणाच्या तासिका कमी करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा आंदोलन केले ते त्या विषयांच्या शिक्षकांनीच. पालक त्यात कोठे दिसले नाहीत. तिसऱ्या भाषेच्या वेळी मात्र सारे दिसले.

महाराष्ट्राला हा विषय नवा आहे असेही नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादीच दिली होती. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, व्याकरण, इतिहास व भूगोलाची सामान्य ओळख यांच्याबरोबरच शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्याचे धडे त्यांनी मागितले. शेतीच्या पाठांना जोडून प्रत्यक्ष काम शिकवणारी लहानशी नमुना शेती असावी, असेही त्यांनी सुचवले. खेड्यातील शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहारोपयोगी असावेत, असा त्यांचा आग्रह होता. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, असे सांगणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीतच अडकवून ठेवण्याची ती योजना नव्हती. त्याच्या घरच्या कामालाही शाळेत विद्येची प्रतिष्ठा मिळावी, ही ती मागणी होती.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने नयी तालीमची रूपरेषा आखली. त्या समितीने सुचवलेला दिवस साडेपाच तासांचा होता. त्यातले तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला, चाळीस मिनिटे मातृभाषेला, चाळीस मिनिटे संगीत, चित्रकला व गणिताला, आणि समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला मिळून अर्धा तास. आजच्या पालकाला हे वाचून घेरी यावी. शाळा स्वावलंबी करण्याच्या नादात मुलांकडून सूत कातून घेण्याचे कारखाने उघडतील, ही टीका तेव्हाच झाली होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. योजना शेवटी निस्तेज झाली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, तीच गोष्ट 'कार्यानुभव' या नावाने मांडली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने तिला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' म्हटले. आता २०२३ च्या राष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम आराखड्यात तिचे नाव 'व्यावसायिक शिक्षण' असे झाले आहे. दर पिढीला नवे नाव मिळत गेले, तासिका मात्र आठवड्याच्या शेवटीच राहिली.

अपवाद घडले ते शासनाच्या कागदावर नव्हे, तर आपल्याच जिल्ह्याच्या मातीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या आणि काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांवरील मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा होय. दगड, पाने, बिया, शिंपले हे त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. मोजणी, वर्गीकरण, गोष्ट, गाणे, स्वच्छता हे सारे एकाच बैठकीत चाले. 'शैक्षणिक' आणि 'सहशालेय' अशी फाळणी तेथे करता आली नसती. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. त्यांचा सन्मान आपण केला, त्यांची पद्धत मात्र फार थोड्या शाळांत शिरली.

नव्या आराखड्यात काय आहे ते आता पाहू. सहावी ते आठवी या मध्य स्तरासाठी त्यात भाषा, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्र यांच्या बरोबरीने कला शिक्षण, शारीरिक शिक्षण व स्वास्थ्य आणि व्यावसायिक शिक्षण ही स्वतंत्र अभ्यासक्षेत्रे मानली आहेत. व्यावसायिक शिक्षणाचे तीन भाग केले आहेत : सजीवांसोबतचे काम, यंत्रे व साहित्यांसोबतचे काम आणि मानवी सेवांतील काम. एनसीईआरटीच्या 'कौशल बोध' या पुस्तकात प्रत्येक भागातून वर्षाला एक, म्हणजे तीन वर्षांत नऊ प्रकल्प मुलाने करावेत अशी रचना आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याच वयोगटासाठी दहा दिवस दप्तराविना शाळेचे सांगितले होते. त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कारागीर यांच्याकडे जाऊन काम पाहावे व करावे, अशी कल्पना आहे.

कागदावर याला नाव ठेवायला जागा नाही. पण दोन शंका आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिली शंका समाजाची. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळेचा वेळ तीन तासांवर आणून उरलेल्या वेळात मुलांनी वडिलांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. चांभाराच्या मुलाने चांभारकी आणि न्हाव्याच्या मुलाने न्हावीकाम, असाच तिचा अर्थ लोकांनी लावला आणि प्रचंड विरोध झाला. १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना रद्द करण्यात आली. व्यावसायिक शिक्षण हा शब्द ऐकताच बहुजन समाजातील जाणत्या माणसाच्या कपाळाला आठी पडते ती या इतिहासामुळे. पालघर जिल्ह्यात तर प्रश्न अधिकच टोकदार आहे. जव्हार-मोखाड्यातील आश्रमशाळेत बागकाम व शिवणकाम, आणि वसई-विरारच्या इमारतींत यंत्रमानव आणि संगणकाची आज्ञावली, अशी वाटणी झाली तर व्यावसायिक शिक्षणाच्या नावाने जुनी उतरंडच पक्की होईल. त्याच जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली असून प्रकल्पाचा खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. मच्छीमार समाजाचा विरोध कायम असताना, उद्या तेथे जे रोजगार येतील त्यांत स्थानिक मुलांना केवळ हमालीची कामे मिळू नयेत, ही चिंता सहावीच्या अभ्यासक्रमाशी थेट जोडलेली आहे. माझ्या मते यावर एकच मार्ग आहे. आश्रमशाळेतील मुलीने संगणक चालवावा आणि डॉक्टरांच्या मुलाने कुदळ हाती धरावी. नऊ प्रकल्प सर्वांना सारखेच लागू असतील तरच ते शिक्षण ठरेल.

दुसरी शंका माणसांची. २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टात एक छोटी ओळ आहे. सहावी ते आठवीचा पट शंभरहून अधिक असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. महाराष्ट्रात अशा निदेशकांच्या नेमणुका झाल्या, खंडित झाल्या, मानधनासाठी त्यांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. आणि शंभराहून कमी पटाच्या शाळेला तर ही ओळही लागू होत नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानंतर लहान पटाच्या उच्च प्राथमिक वर्गांत गणित-विज्ञानाचे पद तरी टिकेल का, अशी काळजी ग्रामीण शाळांना लागली आहे. तेथे चित्रकलेच्या शिक्षकाचा विषय काढणे म्हणजे उपाशी माणसाला पक्वान्नाचा बेत सांगण्यासारखे वाटते. नऊ प्रकल्प करवून घेणार कोण, हे आराखड्याने सांगितलेले नाही. उत्तर सर्वांना ठाऊक आहे. जो शिक्षक आज वर्णनात्मक नोंदी उतरवतो, तोच उद्या प्रकल्पांच्या नोंदी उतरवील.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. मुलांना वाचता येत नाही आणि तुम्ही मातीकाम कसले सांगता? आक्षेप खोटा नाही. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'असर २०२४' या ग्रामीण पाहणीनुसार देशातील सरकारी शाळांत पाचवीतील केवळ ४४.८ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. २०२२ मध्ये हे प्रमाण ३८.५ टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे, पण निम्म्याहून अधिक मुले अद्याप मागेच आहेत. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी वाचनाचा वेळ वाढवलाच पाहिजे. तथापि ही मुले कला-कार्यानुभवाच्या तासिकांमुळे मागे पडली, असे म्हणायला जागाच नाही. त्या तासिका बहुतेक ठिकाणी वाचन-गणितालाच दिल्या जात होत्या आणि तरीही परिणाम हा आहे. तोच धडा तिसऱ्यांदा घोकवून घेतल्याने वाचन येत नाही. वाचायला काही कारण लागते. वाफ्यात पेरलेल्या मेथीची नोंद रोज स्वतः लिहिणाऱ्या मुलाला 'उगवण' हा शब्द परत परत वाचावा लागतो, आणि त्याची नोंद चुकीची असेल तर शेजारचा मुलगा ती दाखवून देतो.

एक उदाहरण आपल्या वसईचेच घेऊ. राजेळी केळ्यांची सुकेळी आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या होत आली आहेत. केळी पिकवायची, सोलायची, उन्हात कित्येक दिवस वाळवायची, आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधायची. सहावीच्या वर्गाने एका उन्हाळ्यात हे काम हाती घेतले तर त्यात काय काय शिकता येईल? सोललेल्या केळ्यांचे रोजचे वजन घेऊन ते किती टक्क्यांनी घटले याचे कोष्टक व आलेख काढणे हे गणित. पाणी निघून गेल्यावर फळ का टिकते, ढगाळ दिवशी बुरशी का येते, हे विज्ञान. राजेळीची लागवड का घटली, विहिरींचे पाणी का बदलले, वाड्यांच्या जागी इमारती कशा आल्या, हा भूगोल आणि नागरिकशास्त्र. घरातल्या आजीला विचारून त्या कामातले सामवेदी किंवा वाडवळी शब्द टिपून घेणे ही भाषा, आणि असे शब्द टिपले गेले नाहीत तर ते आजीबरोबरच जातील. बांधणीची वेटोळी नीट जमणे ही हस्तकला. शेवटी खर्च वजा जाता सुकेळ्यांचा भाव काय पडतो, हा हिशेब. यासाठी शाळेला यंत्रसामग्री लागत नाही. वजनकाटा, जाळीचे झाकण, चार केळफणे आणि एक अनुभवी आजी लागते. आणि लागतात सलग तासिका. पस्तीस मिनिटांच्या तुकड्यात हे काम होत नाही. वेळापत्रकात दोन तासिका जोडून ठेवाव्या लागतात, आणि तेथेच बहुतेक शाळांचे घोडे अडते.

वारली चित्रकलेची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे डहाणू तालुक्यातील ही कला जगभर पोहोचली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्यांचे निधन झाले. आज जवळजवळ प्रत्येक शाळेच्या भिंतीवर त्रिकोणी माणसांचा तारपा नाच रंगवलेला असतो आणि मुलांना छापील बाह्यरेषा भरायला दिल्या जातात. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग करून, गेरूने सारवलेल्या पृष्ठभागावर, लग्नाचा चौक का काढला जातो हे त्या पाड्यावरील बाईकडून ऐकून काढलेले एक चित्र अशा शंभर बाह्यरेषांना भारी ठरेल.

आपल्या ख्रिस्तसभेच्या शाळांकडे वळू. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला. १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाच्याच दोन सदस्यीय पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे जाण्याची वाट मोकळी केली. त्या वादात आपण स्वाभाविकपणे आपल्या हक्काच्या बाजूने बोलू. परंतु कायद्याचे किमान निकष आपल्याला बंधनकारक नसताना आपण त्यांच्यापेक्षा अधिक देतो की कमी, हा प्रश्न न्यायालयाबाहेरचा आहे आणि तो आपणच विचारायचा आहे.

अधिक देणाऱ्या शाळा आहेत. मैदान राखून ठेवलेल्या, वक्तृत्व व नाट्यस्पर्धा जोपासणाऱ्या, वाद्यवृंद सांभाळणाऱ्या अनेक शाळांची परंपरा वसईत आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणावी, सर्व धर्मांचा आदर राखावा, इतर धर्मीय मुलांवर आपले विधी लादू नयेत, अशा त्या सूचना होत्या. परिपाठ हादेखील व्यापक अभ्यासक्रमाचाच भाग आहे, याची जाण त्यात दिसते.

परंतु दुसरी बाजूही आहे. वार्षिक स्नेहसंमेलनात पन्नास मुले व्यासपीठावर नाचतात आणि साडेचारशे मुले पाहतात. आंतरशालेय स्पर्धेला संघ पाठवला की शारीरिक शिक्षण झाले, असे आपण मानतो. चषक कपाटात राहतो. ज्याला धावता येत नाही, ज्याचा आवाज बरा नाही, त्याच्यासाठी शाळेने काय केले याची कोठे नोंद नसते. अलीकडे तर चित्रकला, नृत्य, कराटे, संगणक हे वर्ग शाळा सुटल्यावर त्याच इमारतीत वेगळे शुल्क घेऊन भरवले जातात. शाळेच्या वेळेत जे सर्वांना मिळायचे ते संध्याकाळी पैसे भरणाऱ्यांना मिळू लागले आहे. रिक्षा चालवणाऱ्या किंवा मासळी विकणाऱ्या घरातले मूल चारच्या घंटेला घरी जाते, आणि त्याच्या प्रगतिपुस्तकात कलेची श्रेणी मात्र इतरांइतकीच उत्तम असते. आपल्या मराठी माध्यमाच्या शाळा पटाअभावी दमछाक होत चालल्या आहेत. त्यांनी इंग्रजी शाळांची फिकी नक्कल करून मुले परत येणार नाहीत. सुकेळीचा प्रकल्प, सलग तासिका, हाताने केलेले काम हे जर एखाद्या मराठी शाळेने नेटाने उभे केले तर ते इंग्रजी शाळेला सहज जमणारे नाही.

राज्य मंडळ सोडून सीबीएसईकडे धावणाऱ्या पालकांनाही येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. मार्च २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्र्यांनी राज्यातील शाळांत सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम पहिलीपासून आणण्याची घोषणा केली, तेव्हा अनेकांना आनंद झाला. पण मंडळ बदलल्याने मैदान वाढत नाही की शिक्षकाच्या हाती माती येत नाही. सरकारी निर्णयांच्या वाऱ्यावर विसंबून राहण्यात तर मुळीच अर्थ नाही. पाठ्यपुस्तकांतच वह्यांची पाने घालून दप्तर हलके करण्याचा निर्णय मार्च २०२३ मध्ये झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून परत आली. या घडामोडींचा प्रत्येक वेळी मोठा गाजावाजा होतो आणि तीन विषयांचे रकाने जसेच्या तसे राहतात.

जूनमध्ये शाळा उघडते त्या आधीच मे महिन्यात मुख्याध्यापक नव्या वर्षाचे वेळापत्रक बसवतात. तेव्हाच विचारण्यासारखे काही प्रश्न आहेत. सहावीला कार्यानुभवाच्या दोन तासिका सलग आहेत का? त्या शनिवारी शेवटी आहेत की आठवड्याच्या मध्यावर? गेल्या वर्षी त्यांपैकी किती प्रत्यक्ष झाल्या, याची नोंद शाळा पालकांना दाखवील का? शुल्क घेऊन चालणाऱ्या संध्याकाळच्या वर्गांत किती मुलांना विनाशुल्क प्रवेश दिला? प्रत्येक धर्मग्रामात निवृत्त सुतार, शिंपी, नर्स, बागायतदार, बोटीचे तांडेल आणि गायक-वादक आहेत. महिन्यातून एक सकाळ शाळेला देण्याची विनंती त्यांना कोणी केली आहे का? शाळा व्यवस्थापन समितीला अल्पसंख्याक शाळांत केवळ सल्ला देण्याचा अधिकार आहे, असे सांगून हे प्रश्न बाजूला सारले जातील. सल्ला द्यायला तरी कोणाची हरकत नसावी. वेळापत्रक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर लागते आणि त्यानंतर ते बदलत नाही.